रूफटॉप बारमधली अंगारकी

सिंगापुरात मराठी ग्रुप फिरवायला मी सुरुवात केली, तेव्हा माझी अशी भाबडी समजूत होती की लोक मला इतिहास विचारतील. मी तो घोकून ठेवला होता. बंदर कसं वसलं, मसाल्याची गलबतं कुठे लागायची, कोळ्यांची वस्ती कुठे होती, सगळं तोंडपाठ. पहिल्याच ग्रुपमधल्या एका सफारीवाल्या गृहस्थांनी मला खांद्याला धरून बसच्या मागे नेलं, डावीउजवीकडे पाहिलं आणि कानाशी लागून विचारलं, "बाकी सगळं ठीक आहे हो. ते... नाईट लाइफचं काय?"

गलबतं तिथंच बुडाली.

मी इथे आलो तो बायकोच्या मागे. ती बँकेत. तिची बदली झाली, तेव्हा डोंबिवलीची नोकरी आणि आमची हौशी नाटकमंडळी सोडून मी क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये वरणभाताचा कुकर लावायला रुजू झालो. पुढे इथे कायम राहण्याचा पीआर मिळाला, मग रीतसर परीक्षा देऊन गाइडचा परवाना काढला. नाटकात मी प्रकाशयोजना करायचो आणि ऐनवेळी नट आजारी पडला की मला स्टेजवर ढकलायचे. त्यामुळे बसचा माइक हातात आला त्या दिवशी मला रडू यायचं बाकी होतं. समोर भरलेलं सभागृह, सगळे पट्टे बांधून बसलेले आणि मध्यंतरात उठून जायची कुणालाच सोय नाही. कुठल्या नटाला हे भाग्य मिळालंय? माझी मुलगी इथल्या शाळेत शिकलेली. ती म्हणते, "बाबा, यू ऑलवेज सो ड्रामा, लाह." तिला ती टीका वाटते.

या धंद्यात माणसं दोन प्रकारची. ग्रुपबरोबर पुण्याहून येतो तो टूर मॅनेजर. तो पासपोर्ट, गोळ्या आणि रुसवेफुगवे सांभाळतो. आणि इथे विमानतळावर पाटी धरून उभा असतो तो माझ्यासारखा स्थानिक गाइड. त्याला रस्ते ठाऊक असतात, कुठलं दार किती वाजता बंद होतं ते ठाऊक असतं, पण त्याची खरी विद्या म्हणजे स्वच्छतागृहं. कुठल्या मॉलमध्ये कितव्या मजल्यावर, रांग केवढी आणि आत पाण्याची सोय आहे की नुसताच कागद, हे ज्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, त्यालाच ग्रुप मान देतो.

खरेदीचा दिवस हा टूरचा तिसरा अंक. आपली माणसं परदेशात स्वतःसाठी काहीही घेत नाहीत, हे मला इथे कळलं. सगळी खरेदी मानपानाची. मोठ्या जावेला जी पर्स, तीच धाकटीला, आणि रंगसुद्धा तोच. नाहीतर 'तिला मरून आणि मला का चॉकलेटी' हे वर्षभर पुरतं. कोल्हापूरच्या एका वहिनींनी सेरंगून रोडच्या दुकानात एकाच रंगाच्या पर्सेसची अशी चळत लावली की दुकानातली मुलगी मला हळूच विचारू लागली, मॅडमचं स्वतःचं दुकान आहे का? मी म्हटलं, नाही, मॅडमचं एकत्र कुटुंब आहे. एका काकांनी सामान मावेना म्हणून बॅग घेतली आणि ती बॅग न्यायला आणखी मोठी बॅग. एकांनी बारकोडच्या काउंटरवर भाव करायला घेतला. मुलगी म्हणाली, किंमत मशीन सांगतं. तर हे म्हणाले, "मग मशीनला सांगा ना, आम्ही लांबून आलोय."

आणि नाईट लाइफ. हा प्रश्न विचारणाऱ्यांचे मी तीन वर्ग पाडलेत. पहिल्यांना प्यायचं असतं, ते सोपे. दुसऱ्यांना पिणारी माणसं बघायची असतात. तिसऱ्यांना काहीच नको असतं, फक्त गावी गेल्यावर 'आम्ही बघून आलो' एवढं सांगायचं असतं. हा वर्ग सगळ्यांत मोठा. त्यांना मी नदीकाठच्या रोषणाईतून एक चक्कर मारून आणायचो. हॉटेलात परतताना त्यांची चाल बदललेली असे.

वसंतकाका तिसऱ्या वर्गातले. वाईचे. सरकारी खात्यातून निवृत्त, मिशा पांढऱ्या, पण वळण अजून नोकरीतलं. मंगळवार होता, ग्रुपचा खरेदीचा दिवस. दुकानाच्या दाराशी त्यांनी मला बाजूला घेतलं. सोबत त्यांचे शेजारी कुलकर्णी सर, भूगोलाचे निवृत्त शिक्षक.

"आज रात्री जमेल का?" काकांनी विचारलं. "उंचावर एक बार असतो म्हणे. गच्चीवर."

"जमेल. पण काका, आज अंगारकी. तुमचा उपास असेल ना?"

"उपास पिण्याचा," काका म्हणाले. "बघण्याचा कुठे असतो?"

तेवढ्यात मागून आवाज आला, "काय बघायचंय?" मालतीकाकू. काकांच्या पत्नी. किरकोळ देहाची बाई, पण आवाज असा की मला माइक द्यावासा वाटू नये. बसमधलं माझं पहिलं भाषण ऐकूनच त्यांनी माझं बारसं केलं होतं. मला त्या 'नाटक्या' म्हणत.

काका गडबडले. मी सावरून घेतलं. "चंद्र, काकू. इथे खालून दिसत नाही, इमारती आड येतात. वर जावं लागतं."

काकूंचा चेहरा उजळला. "बघा, हा मुलगा परका असून त्याला काळजी. मी सकाळपासून तोच विचार करतेय, हॉटेलच्या खिडकीतून नुसती भिंत दिसते."

अशा रीतीने माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच उपास सोडणं आणि नाईट लाइफ एकाच लिफ्टने जायचं ठरलं.

पण त्या दुकानातच मला एक गोष्ट खटकली. काकू जावयासाठी बूट घेऊन झाल्यावर एका नव्या कोऱ्या बॅगेवर बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. कपाळावर घाम, आणि दुकानात तर एसी असा की मी बाह्या खाली केल्या होत्या.

"काकू, बरं वाटत नाही का? उपासाचं काही खाल्लंत? केळं आणू?"

"कडक असतो माझा. पाणी फक्त. ह्यांच्या बायपासपासून अंगारकी कडक धरते मी. हे आपले साधी धरतात, खिचडीची."

"आणि काका कुठे आहेत?"

"टॉयलेटला."

टॉयलेटचा मी तज्ज्ञ. एवढा वेळ लागायचं कारण नव्हतं. शेवटी काका आले ते मिशा रुमालाने पुसत. काकूंना तसं बसलेलं पाहून त्यांचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिला शुगर आहे हो. सकाळी सवयीनं गोळी घेतलीय, आणि वर काही नाही. मी सांगून थकलो. पोरीनंही फोनवर सांगितलं. ऐकत नाही. चंद्र दिसला की खाईल. तेवढा लवकर दाखवा."

माझ्या आईला शुगर होती. गोळी पोटात आणि अन्न नाही, म्हणजे काय होऊ शकतं ते मी पाहिलेलं होतं. मी रस आणला, तो काकूंनी माझ्याच हातात परत ठेवला. त्या क्षणापासून माझ्यासाठी नाईट लाइफ वगैरे संपलं. एकच काम उरलं, या बाईला चंद्र दाखवायचा.

बाकीचा ग्रुप टूर मॅनेजरबरोबर जेवायला गेला आणि आम्ही चौघं मरीना बेजवळच्या एका उंच इमारतीच्या गच्चीवर निघालो. बारची मॅनेजर मे लिन माझ्या ओळखीची. तिने काकांच्या पायांकडे पाहिलं आणि मान हलवली. "अंकल, स्लिपर कॅनॉट."

काका कोल्हापुरी चपलांत होते. परत जायला वेळ नव्हता. काकूंनी पिशवीतून जावयाच्या बुटांचा खोका काढला. जावई सहा फुटी. काका त्या बुटांत शिरले आणि गलबतासारखे डुलत डुलत आत गेले.

मग मे लिनने पिशवीत आणखी पाहिलं. स्टीलचा गोल डबा. "आउटसाइड फूड कॅनॉट, आंटी."

"काय म्हणतेय ती?"

"डबा उघडायचा नाही म्हणते."

"चंद्र दिसेपर्यंत मीच उघडत नाही, तिला सांग," काकू म्हणाल्या. "तळणीचे मोदक आहेत, घरून आणलेत. मी उपास त्याच्यावरच सोडणार. तुमचा तो रंगीत रस नको मला."

मी मे लिनला देव, उपास, चंद्र हे सगळं चार वाक्यांत सांगितलं. तिने आकाशाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "टुनाइट? सो क्लाउडी."

खरंच. आभाळ असं गच्च की शहराचे दिवे त्यावर पडून ते नारिंगी झालं होतं. सिंगापूरची हवा ही कसलेल्या नटासारखी. प्रवेश कधी घेईल, सांगता येत नाही.

आम्ही कठड्याजवळच्या टेबलाशी बसलो. आजूबाजूला सुटातली, तोकड्या कपड्यांतली माणसं आणि पोटात धडधडणारं संगीत. ज्यासाठी काकांनी दुपारी मला दुकानाच्या दाराशी गाठलं होतं, ते सगळं समोर होतं आणि काका त्याच्याकडे पाठ करून बायकोच्या तोंडाकडे बघत होते. काकूंचा हात टेबलावर होता. बांगड्या आपोआप किणकिणत होत्या.

कुलकर्णी सरांनी घसा खाकरला. "वहिनी, साडेनऊ होऊन गेले. शास्त्र सांगतो. आपण पूर्वेला आहोत. इथे चंद्र वाईच्या आधी उगवतो. म्हणजे तो ढगामागे आलेला आहे. तुम्ही खायला हरकत नाही."

काकूंनी मनगट वर केलं. टूरभर त्यांनी घड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवलं होतं, गोळ्यांची वेळ चुकू नये म्हणून. "माझ्यात सात वाजलेत, सर. सातला कसला चंद्रोदय? डोळ्यांना दिसला तर मी मानेन. नाही दिसला तर कॅलेंडरात जी वेळ छापलीय ती. सव्वानऊ."

"अहो, ते सव्वानऊ तिकडचे. म्हणजे इथले पावणेबारा!"

"मग पावणेबारा."

"पण वहिनी, आपण सिंगापुरात आहोत!"

"मी असेन. माझा गणपती वाईचा आहे. तो तिथल्या वेळेनं चालतो."

सरांनी पेपर नॅपकिनवर पृथ्वी काढली, तिला रेखांश पाडले, बाजूला चंद्र काढला. काकूंनी तो नॅपकिन घेतला आणि कपाळावरचा घाम पुसला.

मी घाबरलो. आणि घाबरल्यावर नाटकवाला काय करतो? प्रकाशयोजना. लिफ्टपाशी एक मोठा पांढरा गोल दिवा जमिनीवर ठेवलेला मी येताना पाहिला होता. अशा दिव्यांवर माझी हयात गेलीय. डालड्याच्या डब्यात बल्ब घालून त्यावर बटर पेपर ताणून मी स्पर्धेत असा चंद्र उगववला होता की परीक्षकांनी नाटकापेक्षा त्यालाच जास्त गुण दिले असते. मी मे लिनला गाठलं. तिने काकूंकडे एक नजर टाकली आणि वेटरला हाक मारली. "कॅन, कॅन. आंटी फेस सो व्हाइट." दिवा गच्चीच्या टोकाला, धुरकट काचेच्या पडद्यामागे, उंच कुंडीवर चढला. पानांतून अर्धा दिसेल असा मी तो वळवला. खरं सांगतो, सुंदर दिसत होता.

"काकू!" मी हात पसरला. आवाजात कंप आणला. "तो पाहा!"

काकूंनी चष्मा वर-खाली केला. बराच वेळ पाहिलं. हात जोडतायत की काय असं वाटलं, आणि त्या म्हणाल्या, "नाटक्या, हा मघाशी लिफ्टपाशी होता."

"छे, छे, काकू..."

"त्याची वायर दिसतेय."

कुलकर्णी सर कधी नव्हे ते हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांना हसायचं होतं, पण ओठ थरथरले फक्त. डोळे मिटून त्यांनी डोकं मागे टेकवलं. मी फोन काढला. "काकू, आता माझं ऐका. नाहीतर मी ॲम्ब्युलन्स बोलावतो."

"बोलाव," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "तिथंही मी चंद्रच मागेन."

तेव्हा वसंतकाका उठले. जावयाच्या बुटांत उभे राहिले आणि सरकारी खात्यात निवेदन द्यावं तसे म्हणाले, "मालती, मी दुपारी पराठा खाल्ला."

काकूंनी डोळे उघडले. "कसला?"

"त्या दुकानाच्या मागे. अंड्याचा."

"अंगारकीला? अंड्याचा?"

"दोन खाल्ले."

काकूंनी विचारलं, "आज पहिल्यांदाच?"

काकांनी एकदा कुलकर्णी सरांकडे पाहिलं. सर एकदम आपल्या नॅपकिनकडे वळले, त्यावरूनच मला कळलं की यांनाही सगळं ठाऊक आहे.

"नाही," काका म्हणाले. "प्रत्येक अंगारकीला. देवळात जातो म्हणून निघतो. देवळात जातो, नाही असं नाही. आणि येताना स्टँडवर मिसळ खातो. बायपास झाल्यापासून मी एकही अंगारकी धरलेली नाही."

हे बोलताना काकांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी स्टेजवर कधी उभं करू शकलो नसतो. इतकी वर्षं सांभाळलेली आपली सगळी अब्रू त्या माणसाने एका वाटीत घालून बायकोपुढे सरकवली होती. का, ते तिथे सगळ्यांना कळत होतं. काकूंनाही.

काकूंनी त्यांना वरून खाली न्याहाळलं. मिशा, पोट, बूट. "आणि तुम्हाला काही झालं नाही."

"नाही."

"डॉक्टर दर वेळी म्हणतात, काका ठणठणीत आहेत."

"हो."

"म्हणजे मी इथे उपाशी थरथरतेय, तुम्ही मिसळ खाऊन ठणठणीत, आणि हे सगळं त्याला वरून दिसत होतं."

"असणारच," काका पुटपुटले.

काकूंनी चष्मा सारखा केला. मग म्हणाल्या, "मग त्याला चालतंय म्हणायचं."

त्यांनी डबा पुढे ओढला. झाकण घट्ट होतं आणि बोटांत जोर नव्हता. काका पुढे झाले, तर त्यांचा हात काकूंनी बाजूला केला आणि डबा माझ्याकडे दिला. मी उघडला. काकूंनी एक मोदक उचलला, डोळ्यांना लावला, वाईची दिशा कुठली ते सरांना विचारून घेतलं आणि तिकडे तोंड करून खाल्ला. मग दुसरा. नंतर मी पुढे केलेला तो रंगीत रससुद्धा, नाक मुरडत, पण पूर्ण. हळूहळू बांगड्या शांत झाल्या. आम्ही तिघं त्या बांगड्यांकडेच बघत होतो.

मे लिन आली. डबा उघडलेला दिसल्यावर तिने कमरेवर हात ठेवले. काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि एक मोदक तिच्या तळहातावर ठेवला. मे लिनने चावा घेतला, आणखी एक मागितला आणि नियमाबद्दल काही बोलली नाही. मला मिळाला, सरांना मिळाला. काकांनी हात पुढे केला.

"तुम्हाला नाही," काकू म्हणाल्या. "तुमचं झालंय."

"मग आता लपवायचं काय राहिलं?" काका धीर करून म्हणाले. "एक बिअर सांगू का?"

"सांगा. पण आधी जावयाचे बूट काढा. त्याच्यावर सांडाल."

आणि काका त्या झगमगत्या गच्चीवर, ज्या जागेची गोष्ट त्यांना आयुष्यभर वाईच्या कट्ट्यावर सांगायची होती तिथे, टेबलाखाली बूट काढून मोज्यांवर बसून बिअर प्यायले. दोन घोट. तिसऱ्याला म्हणाले, कडू आहे. उरलेली कुलकर्णी सरांनी शास्त्र म्हणून संपवली.

आम्ही निघायला उठलो तेव्हा समुद्राच्या बाजूने वारा आला. ढगाला एक फट पडली आणि त्यातून चंद्र आला. एका बाजूने झिजलेला, पिवळट, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा ओशाळवाणा. सगळा बार फोन वर करून त्याचे फोटो काढू लागला. मी, काका, सर, तिघंही काकूंकडे बघू लागलो. आता ही बाई काय म्हणणार? मोडला उपास म्हणून रडणार की काय?

काकूंनी पदर सारखा केला, हात जोडले आणि त्याला म्हणाल्या, "या. आमची जेवणं झाली."

हल्ली माझ्याकडे ग्रुप कमी येतात. लोक फोनवर रस्ता बघतात, फोनवर खरेदी करतात, आणि नाईट लाइफचं कानात विचारायला त्यांना कुणी लागत नाही. सगळं फोनलाच विचारतात, तेही मोठ्याने. मला त्या कुजबुजीची आठवण येते. आलंच कुणी विचारत, तर मी आधी खिशातलं कॅलेंडर काढून तिथी बघतो. समोरच्याला वाटतं, मी मुहूर्त काढतोय.

आणि त्या रात्री लिफ्टकडे परतताना पाहिलेलं आठवतं. वेटरने दिवा पुन्हा जागेवर आणून ठेवला होता. काका चपलांत, बूट खोक्यात, सर नॅपकिन घडी घालून खिशात. काकू लिफ्टपाशी थांबल्या, वाकल्या आणि त्या पांढऱ्या गोल दिव्याच्या डोक्यावर हळूच थोपटून म्हणाल्या, "हा बिचारा वेळेवर आला होता."